सहा ते नऊचा खेळ आणि पातूरची शेवटची गाडी

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगणारे बहुतेक ग्रंथ गिरगावात सुरू होतात आणि दादर-परळच्या पुढे जाण्याचे कष्ट सहसा घेत नाहीत. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा'च्या रूपाने पडदा बोलू लागला, या नोंदी त्यांत अचूक असतात. परंतु पडद्यावर आलेले चित्र मुंबई सोडून पुढे कोठे गेले, किती महिन्यांनी पोहोचले, पोहोचले तेव्हा त्याची प्रकृती कशी होती आणि त्याची शेवटची वीस मिनिटे नेमकी कोणाच्या दृष्टीस पडली, याविषयी हे ग्रंथ संपूर्ण मौन पाळतात. ही उणीव भरून काढण्याची ज्या अभ्यासकाची इच्छा असेल त्याने मुंबईतील दप्तरे बाजूला ठेवून अकोल्याच्या दक्षिणेस ३०-३५ किलोमीटरवर असलेल्या पातूरच्या बसथांब्यावर उभे राहून या विषयाकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

पातूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव डोंगररांगेच्या पायथ्याशी, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. खडकात कोरलेली प्राचीन लेणी, टेकडीवरील रेणुकामाता, सिदाजी महाराजांचे संस्थान आणि ज्यांच्यामुळे जुन्या कागदपत्रांत गावाची नोंद 'पातूर शेख बाबू' अशी सापडते त्या शाह बाबूंचा दर्गा, एवढे वैभव असूनही रेल्वेने मात्र या गावाला दर्शन दिले नाही. अकोल्याहून पूर्णेला जाणारा लोहमार्ग बार्शीटाकळीच्या अंगाने परस्पर वाशीमला निघून गेला. रेल्वे नसलेल्या गावाचा चित्रपटाशी असलेला संबंध हा मुळात रस्त्याशी असलेला संबंध असतो, हे सूत्र एकदा ध्यानात घेतले की पुढील विवेचन समजण्यास अडचण पडत नाही.

मुंबईत तयार झालेले चित्र थेट गावात येत नसे. चित्रपटांच्या व्यवसायात देशाची वाटणी 'सर्किटां'त झालेली असते, म्हणजे ज्या मुलखात चित्र दाखवण्याचे हक्क एखादा वितरक विकत घेतो अशा मुलखांत. आणि ही वाटणी राज्यांच्या सीमांना फारसे जुमानत नाही. वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पण वितरकांच्या लेखी तो 'सी. पी. बेरार'मध्ये, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड या कधीच्याच मोडीत निघालेल्या प्रांतात, पुढेही सुखाने नांदत राहिला. या सर्किटची पेढीवजा कार्यालये प्रामुख्याने अमरावती आणि भुसावळ येथे होती, आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे मुख्यालयही भुसावळातच आहे. केळी आणि रेल्वे जंक्शन यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने मधुबाला केव्हा आणि कोणत्या गावी जाईल हे ठरवावे, यात काहींना विसंगती वाटेल; परंतु चित्राच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेच्या पार्सल डब्यातून जात असल्यामुळे जेथे गाड्या बदलतात तेथेच नशिबेही बदलावीत, हे व्यापाराच्या दृष्टीने सयुक्तिकच होते.

भुसावळ-अमरावतीहून पेटी प्रथम अकोल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी उतरे, तेथील टॉकीजांत तिचा रस पुरेसा निघाला की तालुक्याच्या गावी जाई आणि सर्वांत शेवटी जत्रेच्या तंबूत पोहोचे. प्रत्येक मुक्कामी यंत्रातून फिरताना फितीवर ओरखडे उठत, आणि हे ओरखडे पडद्यावर उभ्या रेघांच्या रूपाने सतत कोसळत राहत. या प्रकाराला प्रेक्षक 'पाऊस' म्हणत. राजस्थानच्या वाळवंटातील प्रसंग असो की राजवाड्याचा दिवाणखाना असो, तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत त्यात धो धो पाऊस सुरू झालेला असे. ज्या मुलखात जूनमध्ये पेरणी करून शेतकरी जुलैभर आभाळाकडे पाहत बसतो, तेथे वर्षभर नेमाने पडणारा हा एकच पाऊस होता, आणि त्याच्यावर कोणाची सरकी उगवत नव्हती, एवढाच त्याचा दोष.

तंबूतला सिनेमा, ज्याला 'टूरिंग टॉकीज' म्हणत, ही संस्था स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. मुदतीच्या परवान्यावर चालणाऱ्या या चित्रगृहाची सामग्री म्हणजे एक मोठा कापडी तंबू, भोवती कनात, एक पडदा, मालमोटारीवर किंवा लाकडी ठाण्यावर बसवलेले प्रक्षेपणयंत्र, तंबूबाहेर धडधडणारे जनित्र आणि दुपारी गावातून फिरून रात्रीच्या खेळाची घोषणा करणारा कर्णा, इतकीच असे. आत स्त्रिया एका बाजूस आणि पुरुष दुसऱ्या बाजूस अशी व्यवस्था होती व मधल्या सीमेवर कनातीचा एक पडदा लावण्यात येई, परंतु लहान मुलांना दोन्ही देशांचे नागरिकत्व असल्यामुळे 'माय, बाबा फुटाणे मांगते' अशा स्वरूपाचे दळणवळण संपूर्ण खेळभर अबाधित चाले. बसण्याची सोय जमिनीवर होती, आणि अनुभवी माणसे सोबत पोते घेऊन येत. हे पोते परत जाताना पांघरायला उपयोगी पडे, कारण यात्रा बहुधा थंडीच्या दिवसांत भरतात.

पुष्कळ तंबूंत यंत्र एकच असे. स्थायी टॉकीजमध्ये दोन यंत्रे शेजारी-शेजारी असत व एकावरचे रीळ संपता-संपता दुसरे सुरू होई, त्यामुळे प्रेक्षकाला जोड कळत नसे. एक यंत्र असल्यावर मात्र प्रत्येक रीळ संपल्यानंतर अंधार, मग दिवा, मग नवे रीळ चढवणे आणि मग पुन्हा अंधार असा क्रम होई. पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत मिनिटाला ९० फूट या वेगाने धावत असल्यामुळे २,००० फुटांचे जोडरीळ बावीस मिनिटांत संपते, म्हणजे तीन तासांच्या चित्राला सात-आठ मध्यंतरे होत. नायक खलनायकावर धावून गेला आणि रीळ संपले, तर त्याने उगारलेली मूठ दोन-तीन मिनिटे हवेतच राही, आणि तेवढ्या अवधीत तंबूत ती मूठ कोठे बसावी याविषयी चर्चा होऊन ठराव पास होई. पुढचे रीळ लागल्यावर दिग्दर्शकाने ठरावाविरुद्ध वर्तन केलेले आढळले, तर त्याचा जाहीर निषेध करण्याची प्रथा होती.

रिळांचा क्रम चुकणे हीही दुर्मीळ घटना नव्हती. सातवे रीळ पाचव्याच्या जागी लागल्यास मेलेला बाप पुन्हा जिवंत होऊन मुलीच्या लग्नाची काळजी करू लागे. अशा वेळी जाणते प्रेक्षक 'अबे, रीळ उलटी लावली काय बे!' असे ओरडत, परंतु बहुसंख्यांना ते पुनरागमन कथानकाचाच भाग वाटे, कारण हिंदी चित्रपटात मेलेल्या माणसाने परत येणे हे क्रमाने रिळे लावली असतानाही सर्रास घडतच असते. कथानकाची ही लवचीकता म्हणजे तंत्रज्ञाला निर्मात्याने दिलेली मोठीच सवलत मानावी लागेल.

तंबूच्या पलीकडच्या बाजूचा प्रेक्षकवर्ग हा या संस्थेचा सर्वांत उपेक्षित घटक होय. पडदा कापडी असल्यामुळे चित्र त्याच्या पाठीमागूनही दिसते, आणि जेथे कनात अपुरी असे किंवा फाटलेली असे तेथे हा वर्ग एक पैसाही न देता संपूर्ण खेळ पाही. अट एवढीच की मागून पाहणाऱ्याला सर्व काही उलट दिसते: नावे उजवीकडून डावीकडे जातात, सरदार डाव्या हाताने तलवार उपसतात, नववधूचा पदर भलत्याच खांद्यावर असतो आणि मंगळसूत्र बांधणारा नवरदेव डावखुरा निघतो. वऱ्हाडात अशी एक अख्खी पिढी असण्याचा संभव आहे की जिच्या समजुतीप्रमाणे मुंबईतील यच्चयावत नट डावरे होते. पुढे त्याच प्रेक्षकांनी तिकीट काढून समोरून चित्र पाहिले असेल तेव्हा त्यांना यंत्रचालकाचीच काही तरी चूक झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

स्थायी टॉकीजमध्ये शिरल्यावर समाजरचनेचा प्रश्न उपस्थित होतो. कीर्तनात मानाची जागा पुढे असते, नाटकात सर्वांत महाग खुर्ची पहिल्या रांगेत असते, आणि तमाशाच्या बोर्डापाशी कोण बसणार यावरून तर हातघाईवर प्रसंग येतो. एकट्या सिनेमाने ही परंपरा उलटी करून सर्वांत स्वस्त जागा पडद्याच्या पायाशी आणि सर्वांत महाग जागा त्यापासून शक्य तितकी दूर, माडीवर, ठेवली. या माडीला 'बाल्कनी' आणि पुढच्या बाकांना 'थर्ड' म्हणत. पैसा वाढत जाईल तसा माणूस जिवंत कलेच्या जवळ आणि कापडावरच्या कलेपासून लांब सरकतो, असा एक सिद्धांत यावरून मांडता येईल. परंतु थर्डमधल्या प्रेक्षकाला तो मान्य होणे कठीण, कारण नायिकेचा चेहरा बारा फुटांचा दिसण्याचे भाग्य त्याचेच, आणि बाल्कनीवाल्याने दुप्पट पैसे मोजून तीच बाई टीचभर पाहिली, याविषयी त्याच्या मनात केवळ करुणा होती.

या रचनेचा रखवालदार म्हणजे 'डोअरकीपर'. हातात बॅटरी, खांद्यावर दुपट्टा आणि चेहऱ्यावर गावातील प्रत्येकाला ओळखत असूनही कोणालाच न ओळखल्याचा भाव घेऊन उभा असलेला हा गृहस्थ अंधारात आलेल्या माणसाची जागा त्याच्या तिकिटाच्या रंगावरून नव्हे, तर त्याच्या वहाणांच्या आवाजावरून ठरवू शके. त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर असलेला एकमेव वर्ग पासधारकांचा होता. वऱ्हाडात सिनेमावर कर बसवणारा मध्य प्रांत व वऱ्हाड करमणूक शुल्क अधिनियम १९३६ साली आला, आणि तिकीट म्हटले की त्याची तपासणी आली, तपासणी म्हटली की तपासणारे आले, तपासणाऱ्यांची कुटुंबे आली आणि कुटुंबांकडे आलेले पाहुणेही आले. प्रेक्षकाच्या दृष्टीने या कराचा एकच आनंददायक पैलू म्हणजे 'करमुक्त' हा शब्द. शासनाने एखादे चित्र बोधप्रद ठरवून कर माफ केला की तिकीट स्वस्त होई, आणि टॉकीज तुडुंब भरे. त्या गर्दीवरून जनतेला बोधाची किती आस आहे याचा अंदाज बांधणाऱ्यांनी हिशेबाच्या वहीचा अर्धाच भाग वाचलेला असतो.

माडीच्याही वर, भिंतीतील दोन चौकोनी भोकांच्या मागे, यंत्रचालक बसत असे. जुन्या यंत्रांत प्रकाशासाठी दिवा नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांची टोके जवळ आणली की मधल्या फटीत विजेची प्रखर ज्योत पेटते, आणि कांड्या जळून आखूड होऊ लागल्या की फट वाढून ज्योत मंदावते, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. चालकाला झोप लागली, किंवा तो चहाला गेला, की पडद्यावर भर दुपारी संध्याकाळ होऊ लागे आणि थर्डमधून 'आबे, कार्बन!' अशी आरोळी उठे. भौतिकशास्त्राचे इतके अचूक ज्ञान असलेला श्रोतृवर्ग कोणत्याही महाविद्यालयाला लाभलेला नाही. सिनेमास्कोपची चित्रे आल्यावर, म्हणजे रुंद चित्र फितीवर आडवे दाबून घेण्याची पद्धत आल्यावर, ते पुन्हा फाकवणारे विशेष भिंग यंत्राला लावावे लागे. ते नसले किंवा लावायचे राहिले तर सर्व पात्रे काठीसारखी उंच व सडपातळ दिसत. मीनाकुमारीला ते एक वेळ शोभे. टुणटुण सडपातळ दिसू लागल्यावर मात्र टॉकीजमध्ये गोंधळ उडे, कारण विनोदाचा आधारच नाहीसा होत असे.

येथे अर्थशास्त्राचा थोडा उल्लेख आवश्यक आहे. वऱ्हाडात सिनेमाचा हंगाम हा कापसाच्या हंगामाला बांधलेला होता. शेतकऱ्याला कापसाच्या विक्रीचे जे पैसे मिळतात त्यांना 'चुकारे' म्हणतात. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाल्यावर हे चुकारे हप्त्यांनी मिळू लागले, आणि हप्ता केव्हा येणार हे जसे शेतकऱ्याला कळत नसे तसे टॉकीजच्या मालकालाही कळत नसे. चुकारा निघाला की लुगडे, बैलाची झूल, सोयऱ्याचा आहेर आणि पिच्चर, हा क्रम बहुधा ठरलेला असे. पोरांच्या मते तो उलटा असावयास हवा होता.

हे सर्व खरे असले तरी पातूरच्या प्रेक्षकाचा मूलभूत प्रश्न वेगळाच होता, आणि तो म्हणजे शेवट. अकोल्याच्या माणेक किंवा वसंत टॉकीजमध्ये नवे चित्र लागले की पातूरहून एस.टी.ने जाणे अवघड नव्हते; अवघड होते ते परत येणे. टॉकीजांचे वेळापत्रक तीन ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे बसवलेले, एस.टी.चे वेळापत्रक डेपोत बसवलेले, आणि ही दोन्ही वेळापत्रके ठरवणारी माणसे एकमेकांना कधी भेटली असावीत असा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. तीनचा खेळ पाहावा तर दिवसाचे काम बुडते, नऊचा पाहावा तर रात्र फलाटावर काढावी लागते. राहता राहिला सहाचा, आणि त्यात बापाचा खून, भावांची ताटातूट, सात-आठ गाणी व न्यायालयातील खटला असा ऐवज उरकून निर्माता शेवटच्या मारामारीपाशी येऊन पोहोचतो न पोहोचतो तोच शेवटच्या गाडीची वेळ झालेली असे. परिणामी पातूर, बाळापूर किंवा बार्शीटाकळी अशा पल्ल्यावरच्या गावांतील चित्रपटज्ञान आरंभ व मध्य यांबाबतीत सखोल, परंतु अंताच्या बाबतीत ऐकीव राहिले. यातूनच कथाकार नावाची एक तात्पुरती पदवी जन्माला आली. ज्याचा अकोल्यात मामा आहे, आणि जो त्यामुळे नऊचा खेळ पाहून सकाळच्या पहिल्या गाडीने परत येऊ शकतो, त्याला गावच्या पारावर शेवट सांगण्याचा अधिकार असे. हा शेवट मूळ शेवटापेक्षा बहुधा लांब, अधिक न्याय्य आणि जास्त रक्तरंजित होता. श्रोत्यांच्या आग्रहावरून त्यात कधी-कधी खलनायकाला दोनदा मारावे लागे. सलीम-जावेद यांनी 'शोले'साठी जो शेवट लिहिला होता तो सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे; परंतु सेन्सॉरशिवाय पारावर दिले गेलेले किती शेवट नोंदवायचे राहून गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या ठिकाणी फाळक्यांचे स्मरण उचित ठरेल. मोबदल्यात तास मोजणाऱ्या सुरतेच्या प्रेक्षकांना आकर्षित करण्यासाठी त्यांनी आपल्या चित्राची जाहिरात 'दोन मैल लांब' अशी केली होती, असे इतिहासकार नमूद करतात. पुढे साधारण हिंदी चित्र १६,००० फुटांचे, म्हणजे तीन मैलांचे झाले. या हिशेबाने पातूर ते अकोला हा रस्ता फितीने झाकायचा असल्यास सहा-सात चित्रे पुरेत. आणि शेवट न पाहता परतलेल्या प्रेक्षकाने दर खेपेस पाव-अर्धा मैल टॉकीजच्या मालकाकडेच सोडला होता, त्याचा परतावा मागण्याचे कोणाच्या मनात आले नाही, हे वऱ्हाडी औदार्य होय.

एका वर्गाने मात्र शेवट कधी सोडला नाही, आणि तो म्हणजे स्त्रियांचा. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आले तेव्हा ठिकठिकाणी बायका बैलगाड्या जोडून टॉकीजला गेल्या, वहाणा दाराबाहेर काढल्या, पडद्यावर फुले व नाणी उधळली आणि आरती पूर्ण झाल्याखेरीज उठल्या नाहीत. उधळलेल्या नाण्यांवर हक्क देवीचा, मालकाचा की झाडूवाल्याचा, हा वाद सिनेमाच्या कायद्यात कोठेच सोडवलेला नाही. १९९१ साली विजय कोंडके यांच्या 'माहेरची साडी'ने हाच पराक्रम डोळ्यांच्या पाण्यावर केला. अलका कुबल यांचा छळ पडद्यावर सुरू झाला की 'लेडीज'मधून सासूला उद्देशून जे शब्द निघत ते ऐकून शेजारी बसलेल्या प्रत्यक्ष सासवा अस्वस्थ होत, आणि खेळ सुटल्यावर एकाच गाडीत, एकाच बाकावर, दोघींना परत जावे लागे. अशा प्रसंगी चालकाने गाडी थोडा वेळ थांबवून ठेवल्यास त्याला कोणी बोल लावत नसे, कारण घरी परतण्याची घाई दोघींनाही नव्हती.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण ती सर्वत्र सारखीच आहे. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि रविवारची सकाळ टॉकीजच्या हातून गेली. व्हिडिओने रात्र घेतली, केबलने दुपार घेतली, उपग्रहावरून चित्र येऊ लागल्यावर भुसावळची पेटी गेली, कार्बनच्या कांड्यांबरोबर तो ओरडणारा श्रोतृवर्गही गेला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराने जुन्या करमणूक शुल्काला पोटात घेतले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजांवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला व तेथे त्याचा गौरव झाला. म्हणजे जो तंबू जत्रेत कनातीच्या भोकातून फुकट पाहिला जात होता तो पाहण्यासाठी फ्रान्समध्ये सूटबूट घालून जाण्याची वेळ आली.

अमरावतीत मात्र टॉकीजांनी सूड उगवला आहे. या शहरातील चौकांना चित्रा, प्रभात, सरोज, श्याम अशी टॉकीजांचीच नावे लोकव्यवहाराने दिली, आणि ती इतकी पक्की बसली की टॉकीज चालो वा बंद पडो, पत्ता तिच्याच नावाने सांगावा लागतो. ज्यांनी त्या टॉकीजांत एकही खेळ पाहिलेला नाही अशी कॉलेजची मुले 'प्रभातपाशी उभा आहो, ये न बे लवकर' असे भ्रमणध्वनीवर बिनदिक्कत सांगतात, आणि पातूरहून दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या कामाने आलेला वयस्कर पाहुणा ऑटोत बसून या चौकांतून जाऊ लागला, की प्रत्येक नावासरशी कोठे कोणते चित्र लागले होते आणि त्यात कोण मेले होते याची माहिती चालकाला पुरवू लागतो. चालक बहुधा तरुण असतो व त्याचे लक्ष मीटरकडे असते. तरीही चित्रापासून श्यामपर्यंतच्या अंतरात एखाद्या चित्राचे कथानक मध्यंतरापर्यंत येऊन ठेपले, तर 'मंग, पुढं काय झालं काका?' असे तो हमखास विचारतो, आणि तेवढ्यात चौक येऊन भाडे देण्याची वेळ होते.